माईंच्या पायातली चप्पल

"ताई, आम्ही पंचवटीत राहतो. सासूबाई, आम्ही त्यांना माई म्हणतो, ६४ वर्षांच्या आहेत. घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. माई तर कांदा-लसूणही खात नाहीत, चातुर्मास कडक पाळतात. नऊ वर्षांपासून शुगरची मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. वर्षभर तळपायांना मुंग्या येतात, रात्री आग होते, पाय चादरीबाहेर काढून झोपतात. जीभ लाल आणि गुळगुळीत झालीय, तिखट सोसत नाही. पहाटे रामकुंडावर जायच्या, पण दोनदा पायरीवर तोल गेला म्हणून आम्ही ते बंद केलं. चालताना चप्पल मागे राहते आणि त्यांना पत्ताच नसतो. जानेवारीत हिमोग्लोबिन ९.१ होतं. मेडिकलवाल्यानं लोह आणि फॉलिक ॲसिडचं टॉनिक दिलं, जूनमध्ये १०.६ झालं, पण पाय जास्तच बिघडलेत. सगळे म्हणतात, शुगर आहे, वय झालंय. जाऊबाईंचं म्हणणं, ही बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आहे, माईंना न सांगता केकमधून, धिरड्यातून अंडं घालत जा. मला पटत नाही, पण भीतीही वाटते. इंजेक्शनला माई तयार नाहीत, 'त्यात काय असतं कोण जाणे' म्हणतात. बीट, खजूर, अंजीर, मोडाचे मूग देऊन भरून येईल का? नणंदबाई सातव्या महिन्यात आहेत, बाळंतपणाला आल्यात, त्यामुळे घरात धावपळ आहे. रिपोर्टचे फोटो जोडलेत. – एक सून, पंचवटी"

प्रिय सूनबाई,

अंडं घालू नका. बाकीचं मग बोलू.

ज्या बाईनं जन्मभर कांद्याची फोडणीही चाखली नाही, तिच्या ताटात चोरून अंडं गेल्याचं एक ना एक दिवस बाहेर येणारच. घरात पोरं असली की काहीच लपत नाही. त्या दिवसानंतर माई तुमच्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाहीत, आणि पुढची खरी औषधं तुमच्याच हातून द्यायची आहेत. शिवाय हिशेबही जुळत नाही. एका अंड्यात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम बी-१२ असतं, म्हणजे दुधाच्या अर्ध्या पेल्याएवढंच. मोठ्या माणसाला रोज दोन ते अडीच मायक्रोग्रॅम लागतं. केकच्या तुकड्यातून माईंच्या पोटात किती जाईल ते तुम्हीच मोजा. पाप करूनही पदरात काही पडत नाही. जाऊबाईंचं निदान मात्र माझ्या मते बरोबर आहे, तेवढं श्रेय त्यांना द्या.

आता रिपोर्ट. जानेवारीच्या कागदावर कुणीतरी हिमोग्लोबिनभोवती लाल पेनानं गोल काढलाय. त्याच्या खाली तीनच ओळींवर एमसीव्ही ११२ असं छापलंय, तिकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. ते ८० ते १०० च्या दरम्यान असावं. लोह कमी पडलं की पेशी बारीक होतात, आकडा ८० च्या खाली जातो. माईंच्या पेशी उलट फुगल्या आहेत. म्हणजे मुख्य तक्रार लोहाची नव्हतीच. पेशी फुगण्याला थायरॉइड, यकृत अशी आणखी कारणंही असतात, पण लाल गुळगुळीत जीभ, जळणारे तळपाय आणि जाणारा तोल हे तिन्ही सोबत आले की पहिला संशय बी-१२ वरच घ्यायचा. (उलट बाजूही लक्षात ठेवा: लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर एकीकडे बारीक, एकीकडे फुगीर अशी बेरीज होऊन एमसीव्ही अगदी साळसूद दिसतो.)

मग टॉनिकनं हिमोग्लोबिन वाढलं कसं, आणि पाय बिघडले कसे? मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच. रक्ताच्या पेशी तयार करताना फॉलिक ॲसिड आणि बी-१२ एकमेकांच्या हातात हात घालून काम करतात. बी-१२ कमी असेल आणि फॉलिक ॲसिड भरपूर ओतलं, तर रक्ताचं काम काही दिवस रेटलं जातं. पण नसांवर मायलिनचं आवरण असतं, वायरवरच्या प्लॅस्टिकसारखं, ते टिकवायला बी-१२च लागतं. तिथे फॉलिक ॲसिडचा काही उपयोग नाही. म्हणून कागदावर सुधारणा दिसते आणि आत नसा झिजत राहतात. पाच महिने तुमच्या घरात हेच चाललंय. ते टॉनिक वाईट नाही, एकट्यानं दिलं हे वाईट. नवी बाटली आणू नका, पुढचं डॉक्टर ठरवतील.

फॉलिक ॲसिडची गोष्ट आपल्या मुंबईत सुरू झाली, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आली. कापड गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरोदर बायकांना असाच फुगीर पेशींचा रक्तक्षय व्हायचा. त्यांना तिनं यीस्टपासून केलेलं मार्माइट खायला दिलं आणि बायका सुधारल्या. यीस्टमधला तो पदार्थ म्हणजे फॉलिक ॲसिड, त्याला नाव मिळालं १९४१ मध्ये. तिच्या तेव्हाच लक्षात आलं होतं की हा रक्तक्षय आणि यकृताच्या अर्कानं बरा होणारा रक्तक्षय (आजच्या भाषेत बी-१२चा) दिसायला जुळी भावंडं असली तरी आजार वेगळे आहेत. आपण मात्र अजून दोघांना एकाच बाटलीतून औषध देतो.

'शुगरमुळे आहे' हेही खोटं नाही, अर्धं आहे. मधुमेहानं पायाच्या नसा बिघडतात. पण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ शोषलं जाणं कमी होतं, हेही तितकंच खरं. नऊ वर्षं मेटफॉर्मिन आणि शाकाहार हे दोन्ही एका माणसात असतील तर बी-१२ न तपासता 'शुगर' म्हणून सोडून देणं मला पटत नाही. म्हणून लगेच मेटफॉर्मिन बंद करू नका हं. ती गोळी कामाची आहे, तिच्या जोडीला बी-१२ देता येतं. माई ॲसिडिटीची गोळीही रोज घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यानंही शोषण घटतं.

चप्पल मागे राहते, हे तुम्ही सहज लिहून गेलात. माझा हात तिथेच थांबला. माझे वडील एका संध्याकाळी रविवार कारंजावरून चालत घरी आले, ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरा पाय अनवाणी, टाचेला खडा रुतलेला, आणि त्यांना त्याची गंधवार्ता नाही. आम्ही हसलो. मी टॉर्च घेऊन चप्पल शोधत मागे गेले, ती एका रसवंतीच्या दारात सापडली. पुढे दोन वर्षं त्यांना 'वय झालंय, चालायचंच' असं सांगितलं गेलं, आणि मी तेव्हा आहारशास्त्र शिकत होते! जीवनसत्त्वांचं कोष्टक तोंडपाठ होतं, घरातला माणूस दिसला नाही. इंजेक्शनं सुरू झाली तोवर उशीर झाला होता. रक्त सुधारलं, जीभ सुधारली, उजवा पाय शेवटपर्यंत जमिनीवर चापट मारल्यासारखा पडायचा.

पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या मागच्या बाजूनं काही धागे जातात. पाय कुठे आहे, गुडघा किती वाकलाय, हे मेंदूला कळवणं त्यांचं काम. बी-१२ अभावी ते धागे बिघडले की माणूस पायाचं काम डोळ्यांवर ढकलतो. उजेडात निभावतं. अंधार पडला की पंचाईत. म्हणून माईंचा तोल पहाटेच्या पायरीवर गेला, दुपारी भाजी आणताना गेला नाही. त्यांना एक विचारा: तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोक जातो का, एका हातानं बेसिन किंवा बादली धरावी लागते का? वडील घंगाळाचा काठ धरायचे. तोही आम्हाला म्हातारपणाचा सावधपणा वाटला होता. 'हो' असं उत्तर आलं तर पुढचं काम श्रावण संपेपर्यंत लांबवायचं नाही. हाताच्या बोटांच्या पेरांवर, सांध्यांवर काळेपणा आलाय का तेही पाहा. आपल्याकडच्या रुग्णांत ही खूण बऱ्याचदा दिसते आणि 'भांडी घासून काळे झाले' म्हणून निकालात निघते.

आता तुमचा प्रश्न. बीट, खजूर, अंजीर, मोडाचे मूग यांत बी-१२ शून्य. कमी नव्हे, शून्य. झाडाला बी-१२ बनवताही येत नाही आणि लागतही नाही. ते बनवतात फक्त सूक्ष्म जंतू. गाय चारा खाते, तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले जंतू त्यातला कोबाल्ट घेऊन बी-१२ बनवतात, तेच पुढे दुधात उतरतं. शाकाहारी माणसाचा नैसर्गिक साठा एवढाच: दूध, दही, ताक, पनीर. इडली-ढोकळ्याच्या आंबण्यावर विसंबू नका. स्पिरुलिनाच्या गोळ्यांच्या जाहिरातीत बी-१२चा मोठा आकडा असतो, पण त्यात बहुतांश बी-१२सारखा दिसणारा दुसराच रेणू असतो, तो माणसाच्या कामाचा नाही. बिटाच्या लाल रंगाचा आणि रक्ताचा काही संबंध नाही. गंमत म्हणजे बी-१२ स्वतः लाल असतं. इंजेक्शनची कुपी उजेडात धरलीत तर आत अगदी सटाण्याकडच्या डाळिंबाचा रंग दिसेल, तो त्यातल्या कोबाल्टच्या जोडणीचा.

'आमच्या घरात दूध-दुभतं भरपूर आहे' असं मला प्रत्येक शाकाहारी घर सांगतं. असेल. ते जातं कुठे ते एक दिवस बघा. शंभर मिलिलिटर दुधात साधारण ०.४ मायक्रोग्रॅम बी-१२ असतं, म्हणजे दिवसाची गरज भागवायला दोन-अडीच मोठे पेले लागतात. माईंच्या वाट्याला काय येतं? चहातलं तीन चमचे दूध, तेही खळखळ उकळून. साय नातवाला. दह्याची वाटी मुलाच्या ताटाजवळ. माईंना सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेल्या दह्याचं पाणीदार ताक. वर साजूक तूप, त्यात बी-१२ नसतंच, ते पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व आहे. मी तुमच्या घरात आलेली नाही, चुकत असेन तर कळवा. पण तीस वर्षांत मी ज्या ज्या माईंशी बोलले, त्यांतल्या बहुतेकींचं ताट असंच निघालं.

चातुर्मासावर मात्र खापर फोडू नका. श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात द्विदल वर्ज्य, हा नेम माई पाळत असतील. कोजागिरीला गच्चीवर सगळे आटीव दुधाचे पेले हातात घेऊन चंद्र बघतात आणि घरोघरच्या माई नुसत्या ढवळायला असतात, हेही मी पाहिलंय. पण शरीरात, मुख्यतः यकृतात, बी-१२चा साठा दोन ते पाच मिलिग्रॅमचा असतो, काही वर्षं पुरेल इतका. एक महिना दूध सोडून कुणाला हा आजार होत नाही. बाकीच्या अकरा महिन्यांतल्या चहानं होतो. तेव्हा व्रतावरून वाद नको, तो तुम्ही हराल आणि हरायलाच हवं.

तरीही दूध वाढवून आता माईंचं भागणार नाही. जठरातून एक प्रथिन स्रवतं, ते बी-१२ला धरून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत नेतं आणि तिथे ते शोषलं जातं. या वाहतुकीला मर्यादा आहे. एका जेवणातून दीड-दोन मायक्रोग्रॅमच्या वर फारसं जात नाही, वयानं आणि मेटफॉर्मिननं तेही घटतं. शिवाय वर्षानुवर्षांची तूट आहे आणि नसांना वेळ नाही. म्हणून आधी इंजेक्शन. नुसती रिपोर्टपुरती कमतरता असती, पाय ठीक असते, तर हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीनंही काम झालं असतं, कारण एवढ्या मोठ्या मात्रेतला सुमारे एक टक्का त्या प्रथिनाशिवायही आत झिरपतो. माईंच्या बाबतीत गोळी नंतरची.

याच आठवड्यात करा. पहिल्या इंजेक्शनच्या आधी रक्त द्या, कारण सुई टोचल्यावर आकडा फुगतो आणि मग काहीच कळत नाही. बी-१२ आणि पुन्हा एकदा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. बी-१२चा आकडा २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर प्रश्नच मिटला. २०० ते ३०० च्या मध्ये आला आणि लॅबनं पुढे 'नॉर्मल' छापलं, तरी तेवढ्यावर परत फिरू नका. पायांची लक्षणं असताना डॉक्टर होमोसिस्टीनसारखी आणखी एखादी तपासणी करतात किंवा सरळ उपचार सुरू करतात. जा फिजिशियनकडे, मेडिकलच्या काउंटरवर नको. चप्पल, साबण, पायरी या तिन्ही गोष्टी त्यांना याच शब्दांत सांगा, 'अशक्तपणा आहे' असं मोघम नको.

आता माईंची शंका: 'त्यात काय असतं कोण जाणे.' मला ही शंका आवडली. हाच प्रश्न त्यांनी १९२६ मध्ये विचारला असता तर त्या शंभर टक्के बरोबर ठरल्या असत्या. तेव्हा अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी अशा रुग्णांना रोज पावशेराच्या आसपास यकृत खाऊ घालून बरं केलं होतं, त्याबद्दल १९३४ चं नोबेलही मिळालं. १९४८ मध्ये यकृतातला तो लाल पदार्थ वेगळा काढता आला, १९५६ मध्ये डोरोथी हॉजकिन या बाईंनी त्याची रचना उलगडली. आज बाजारातलं बी-१२ टाक्यांमध्ये जंतू वाढवून बनवतात. माईंना विरजणाचं उदाहरण द्या: दुधात चमचाभर दही घातलं की जंतू रात्रभरात आपलं काम करतात, तसेच दुसऱ्या जातीचे जंतू कारखान्यात हे बनवतात. कुठल्या प्राण्याला हात लागत नाही. पुढे गोळी सुरू होईल तेव्हा मात्र साधी गोळी मागा, कॅप्सूल नको. कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं आणि ते प्राण्यांपासूनच येतं. हे माईंना आधीच सांगा. तुम्ही जिलेटिनचंही सांगितलंत म्हटल्यावर इंजेक्शनबद्दलचा तुमचा शब्द त्यांना खरा वाटेल.

तुमच्या पत्रातलं नणंदबाईंचं वाक्य मी तीनदा वाचलं. तुम्ही ते धावपळीचं कारण म्हणून लिहिलंय. मला ते माईंच्या पायांइतकंच तातडीचं वाटतं. त्या याच घरात, याच ताटावर वाढल्या. आईचा साठा रिकामा असेल तर बाळ जन्मतः तुटपुंजी शिदोरी घेऊन येतं, आणि आईच्या दुधातही बी-१२ कमी उतरतं. पहिले काही महिने बाळ गुटगुटीत दिसतं. मग सहा महिन्यांनंतर केव्हातरी हसायचं कमी होतं, बसायला लागलेलं बसेनासं होतं, अंग काळवंडतं, कधी हातपाय थरथरतात. लोक दृष्ट काढतात. वेळेवर बी-१२ मिळालं तर ही मुलं बघता बघता खुलतात, उशीर झाला तर बुद्धीत उणीव राहू शकते. सरकारी लोह-फॉलिकच्या गोळ्या त्यांना चालू असतीलच, त्या अजिबात बंद करायच्या नाहीत. त्यांच्या डॉक्टरांना फक्त विचारायचं: 'आमच्या घरात आईला बी-१२ कमी असल्याचा संशय आहे, माझं तपासू या का?' पुण्याला केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं याच विषयावर काम केलंय. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत पुणे परिसरातल्या दर तीन पुरुषांमागे दोघांत बी-१२ कमी निघालं होतं. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की गरोदरपणी ज्यांच्यात फॉलेट भरपूर आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याकडे कल जास्त होता. माईंचं टॉनिक आठवलं ना?

तुमचंही तपासून घ्या. सुनेचं ताट सासूच्या ताटापेक्षा फार वेगळं नसतं.

इंजेक्शनं सुरू झाली की आधी जीभ बरी होईल, दोन-तीन आठवड्यांत माई मिरचीचा ठेचा मागतील. हिमोग्लोबिन दोनेक महिन्यांत जागेवर येईल. पाय सगळ्यात शेवटी, सहा महिने, कधी वर्ष. सुरुवातीला मुंग्या थोड्या वाढल्यासारख्या वाटतात, तेव्हा 'औषध लागू पडत नाही' म्हणून सोडू नका. सगळं पूर्ववत होईल असं वचन मी देत नाही. बरं वाटलं म्हणून बंद करायचं हे औषध नाही, शाकाहार आणि मेटफॉर्मिन चालू तोवर या ना त्या रूपात चालू राहणार. आणि तोवर रोज रात्री तळपाय उजेडात बघायचे, कुठे चटका, फोड, खडा. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी नको, थंडीत शेकोटीजवळ पाय पसरणं नको. बोळात रात्री बारीक दिवा, दारातली सरकती पायपुसणी उचला.

रामकुंडावर जाणं कायमचं बंद करू नका, त्यानं माई खचतील. डॉक्टरांनी हो म्हटलं की उजाडल्यावर न्या, पायरीवर हात धरा, आणि मागे पट्टा असलेल्या चपला आणा, म्हणजे नकळत पायातून सुटणार नाहीत. तिघींचे रिपोर्ट आले की मला आकडे पाठवा. गोल न काढता, सगळा कागद.